जोर कमी, जागा बरोबर: नव्याने गिटार धरणाऱ्यांसाठी

आमच्याकडे गिटार बहुतेक दिवाळीच्या आसपास घरात येते. सोयाबीन विकलेलं असतं, हाती चार पैसे असतात आणि पोट्टा दोन वर्षांपासून मागे लागलेला असतो. मग नागपूरला सीताबर्डीवर जाऊन, नाहीतर मोबाइलवरून मागवून, काळी, निळी किंवा एखादी लालभडक गिटार ओसरीत येऊन पडते. चार दिवस अख्खी गल्ली बघायला येते. पाचव्या दिवशी पोट्टा माझ्याकडे येतो, डाव्या हाताची बोटं पुढे करतो आणि म्हणतो, "सर, हे लय दुखून रायले. अन् वाजून तर काईच नाई रायलं."

दारव्हा तालुक्यातल्या माझ्या घराच्या ओसरीत मी काही वर्षांपासून संध्याकाळी गिटार शिकवतो. शिकणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात, आणि दहातले आठ हाताचे असतात. गाणी वाजवून दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण व्हिडिओतल्या माणसाला तुमचं मनगट दिसत नाही. म्हणून हा लेख फक्त हातांबद्दल आहे.

आपल्या हाताची एक खोड आधी सांगतो. विळा, कुदळ, फवारणीच्या पंपाचा दांडा, मोटारसायकलचा क्लच, सगळं आपण आवळून धरतो. आवळलं नाही तर काम होत नाही. हाच हात गिटारवर आला की दांडीचा गळा धरतो. ताकद आपल्याला कमी पडत नाही, ती उतू जाते. खाली जे काही सांगितलंय त्यातलं बरंचसं ती कमी कशी करायची याचंच आहे.

सुरुवातीला आकडे

सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर येते, म्हणून पोट्टे तिलाच पहिली समजतात आणि आठवडाभर सगळं उलटं वाजवतात. डाव्या हाताची तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३, करंगळी ४. आधी कीबोर्ड शिकलेल्यांनी सांभाळा, तिथे अंगठा १ असतो.

फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी. "दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेव" म्हटलं की बोट पट्टीच्या डोक्यावर ठेवायचं नसतं. खुंट्यांच्या बाजूने, पट्टीच्या अगदी अलीकडे, जवळजवळ चिकटून ठेवायचं. निम्म्या तक्रारी या एका गोष्टीने मिटतात.

बसायचं कसं

हाताची प्लास्टिक खुर्ची नको, तिचे हात गिटारला अडतात. खाटेवर बसलात तर खाट मधे झोळी होते आणि तुम्हीही वाकता. स्टूल बरं, ओट्याची कड त्याहून बरी, फक्त पाय खाली टेकले पाहिजेत. गिटारची कंबर उजव्या मांडीवर, पाठ पोटाला टेकलेली, आणि खुंट्यांकडचं टोक खांद्याच्या उंचीकडे थोडं चढतं.

उजवं कोपर गिटारच्या अंगावर टाकलं की तेवढ्यानेच ती जागेवर राहिली पाहिजे. तपासून बघा: डावा हात पूर्ण काढून घ्या. दांडी खाली पडली, म्हणजे इतके दिवस डावा हात गिटार तोलत होता आणि उरलेल्या जोरावर तार दाबत होता. एका हातात दोन कामं. गिटारचा पट्टा बसूनही लावता येतो, आणि सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्यांनी तर लावाच. मांडी घातली की गिटार मांडीत खाली जाते, दांडी आडवी होते आणि डावं मनगट दुमडतं.

अजून एक. स्वतःची बोटं दिसावीत म्हणून सगळे नवशिके गिटारचं तोंड वर, आभाळाकडे करतात. त्यानेही मनगट दुमडतं. गिटार उभीच ठेवा. दांडीच्या वरच्या कडेला बारीक ठिपके असतात, तिसरी, पाचवी, सातवी फ्रेट ओळखायला ते पुरतात.

डाव्या हाताचा अंगठा कुठे ठेवायचा?

दांडीच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर, पेऱ्याच्या मांसल भागावर टेकलेला. तळहात दांडीला चिकटवू नका, मधे एक बोट जाईल एवढी फट ठेवा. मनगट शक्यतो सरळ. बोटं कमानीसारखी वाकलेली, आणि तार दाबायची ती अगदी टोकाने, नखाला लागून. त्यासाठी डाव्या हाताची नखं कापलेलीच पाहिजेत. नख वाढलं की बोट आडवं पडतं आणि शेजारची तार मुकी करतं.

"पण मोठमोठे वाजवणारे अंगठा वरून काढतात की!" काढतात. जिमी हेंड्रिक्स अंगठ्याने जाड तार दाबायचा. त्याचे हात मोठे होते आणि त्याला दुसरी पद्धतही येत होती. तुम्ही सहा महिने मागे ठेवा, मग हवा तसा काढा.

अंगठ्याची एक परीक्षा आहे. कुठलीही सोपी कॉर्ड (एकदम वाजवायचा सुरांचा जुडगा) धरा आणि अंगठा दांडीपासून किंचित सुटा करा. तारा तरी वाजल्या पाहिजेत. कशा? हाताच्या वजनाने. कोपर खाली लोंबू द्या, त्या वजनाने बोटं तारेवर ओढली जातात, आणि उजवं कोपर गिटारला छातीशी धरून ठेवतं. अंगठा फक्त टेकू. पहिल्या दिवशी हे कोणालाच जमत नाही, पण बोटांत चिमटा किती होता ते लगेच कळतं.

किती दाबायचं?

याला मी एक पूर्ण संध्याकाळ देतो आणि त्या दिवशी दुसरं काही शिकवत नाही. घरी करायचं असेल तर असं करा.

मधलं बोट तिसऱ्या तारेवर, पाचव्या फ्रेटच्या अलीकडे, नुसतं टेकवा. दाबू नका. उजव्या हाताने तार छेडा. "टक्" असा मुका आवाज येईल. आता दर सेकंदाला छेडत राहा आणि बोटाचा दाब केसाकेसाने वाढवा. टक्, टक्, टक्. मग एका ठिकाणी "झर्र" होईल, फाटका, पत्र्यासारखा. अजून थोडं. आणि एकदम सूर मोकळा होईल. तिथेच थांबा. आपल्याला हवा तो दाब हाच. याच्या पुढचा सगळा जोर फुकट.

आता दाब सोडत परत झर्रवर या, परत स्वच्छ करा. असं दहा वेळा. मग तेच बोट दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे ठेवून करून बघा, नंतर मागच्या पट्टीजवळ. मागे जाल तसा जास्त दाब लागतो. पट्टीजवळ चिकटून राहा असं मी का सांगतो, ते तुमचं बोटच तुम्हाला सांगेल.

जास्त दाबल्याने अजून एक नुकसान होतं. पट्टीच्या मागे तार लाकडाकडे दबते, तिचा ताण वाढतो आणि सूर चढतो. मोबाइलवरचा ट्यूनर लावून बघा, काटा वर सरकतो. गिटार नीट लावलेली असूनही कॉर्ड बेसूर का लागते, याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं.

एकदा पोराला जेवायला बोलवायला आलेल्या काकूंनी गंमत म्हणून तार दाबून बघितली. पहिल्याच फटक्याला सूर स्वच्छ. पोरगा तीन दिवस त्याच तारेशी झगडत होता. काकू दिवसभर कापूस वेचून आल्या होत्या. बोंडातून कापूस काढताना बोटांच्या टोकांनी हलक्याने ओढावा लागतो. ओरबाडला तर बोंडाची वाळलेली टोकं नखात घुसतात आणि कापसात काडीकचरा येतो, तो वेगळाच. ते माप काकूंच्या बोटांत होतंच. पोरगा मात्र त्या वर्षी ट्रॅक्टर शिकत होता.

बोटं दुखतात. थांबू का?

कुठे दुखतं त्यावर आहे.

बोटांच्या टोकांना दुखत असेल, तार रुतल्याच्या रेघा पडत असतील, तर ठीक. स्टीलच्या तारेखाली कातडी घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. आणि लाजू नका. शेतातल्या कामाचे घट्टे तळहातावर आणि बोटांच्या मुळाशी असतात, तारेला लागणारे टोकावर. कुऱ्हाड चालवणाऱ्याचीही बोटं पहिल्या आठवड्यात चुरचुरतातच. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, रोज. आठवडाभर काही नाही आणि रविवारी तीन तास, याने फक्त फोड येतात. फोड आला तर फोडू नका, दोन दिवस थांबा. घट्टे धरायला लागल्यावर सोलत बसू नका. आंघोळीनंतर किंवा भांडी-कपडे झाल्यावर लगेच वाजवू नका, कातडी मऊ असते आणि तार कापते.

सोयाबीनच्या सोंगणीत बोटांना चिरा पडतात, तेव्हा चार-आठ दिवस डाव्या हाताला सुट्टी द्या आणि उजव्या हाताचं काम करा. रात्री झोपताना व्हॅसलीन लावा, वाजवायच्या आधी मात्र नाही. फवारणी केली त्या दिवशी गिटार बंदच. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत. साबणाने हात धुतले तरी चिरा पडलेली बोटं घेऊन त्या दिवशी तारा घासू नयेत असं माझं मत आहे.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात किंवा कोपरापर्यंत दुखत असेल, तर ते घट्ट्यांचं दुखणं नाही. अंगठा आवळला जातोय किंवा मनगट दुमडलंय. त्या क्षणी थांबा, हात खाली लोंबकळू द्या, वरची अंगठ्याची परीक्षा पुन्हा करा. मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील आणि दोन-चार दिवस थांबूनही जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. "सराव केला की जाईल" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो मी असलो तरी.

तार झर्रर्र वाजते: चूक हाताची की गिटारची?

आधी हात तपासा. कॉर्ड धरा आणि सगळं एकदम न खाजवता एकेक तार वाजवा, सहावीपासून पहिलीपर्यंत. मुकी वाजली तर शेजारचं बोट तिला टेकतंय, ते बोट अजून उभं करा. झर्र वाजली तर बोट पट्टीपासून लांब आहे. बोट जागेवर आहे, दाबही नीट आहे आणि तरी झर्र येतंय, तर गिटारकडे वळा.

कंपासमधली फूटपट्टी घ्या. बाराव्या फ्रेटवर, पट्टीच्या माथ्यापासून जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम, तीनपर्यंत चालतं. चार भरलं तर बोटांचा दोष नाही, त्या गिटारवर कोणाचीही बोटं रडतील. स्वस्त गिटार बरेचदा अशीच येते. ब्रिजवरची, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात त्या लाकडावरची, पांढरी पट्टी, सॅडल म्हणतात तिला, खालून घासून कमी करता येते, पण ते जाणकाराकडून करून घ्या, कारण घासलेली परत येत नाही. मी स्वतः कानस घेऊन बसलो होतो. ती गिटार आता भिंतीवर आहे.

नवी घेणार असाल आणि बोटं नाजूक असतील, तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बघा. तारा मऊ असतात, पण दांडी रुंद: नटपाशी (खुंट्यांजवळची तारांच्या खाचांची पट्टी) साधारण ५२ मिलिमीटर, स्टीलच्या ॲकॉस्टिकची साधारण ४३. स्टीलवालीच हवी असेल तर दुकानदाराला बारीक तारांचा, १० नंबरचा संच लावायला सांगा.

आता उन्हाचं. स्टीलच्या नेहमीच्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो असतो, म्हणजे युरियाची दीड बॅग त्या पातळ लाकडावर रात्रंदिवस टांगलेली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवली की डिंक मऊ पडतो, ब्रिज उचलतो आणि तारा वर जातात. गिटार घरातल्या आतल्या, मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवा. कूलरसमोर मात्र नको. एका उन्हाळ्यात मी ती प्रेमाने कूलरच्या वाऱ्यात उभी केली, बिचारीला गरम होत असेल म्हणून. आठ दिवसांत तारांवर गंज आणि पोट फुगलेलं. वाजवून झालं की घाम सुती फडक्याने पुसा, तार वरून आणि खालूनही.

कॉर्ड बदलताना हात अडकतो

सगळी बोटं उचलून हवेत विचार करायचा आणि मग एकेक ठेवायचं, असं सगळे करतात. उपाय असा: जे बोट हलवायची गरज नाही ते हलवू नका.

ए मायनर धरा: तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं चौथ्या तारेवर दुसऱ्याला, अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्याला. आता सी मेजर हवाय. तर्जनी आणि मधलं बोट जिथे आहेत तिथेच राहतात. फक्त अनामिका उठते आणि पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जाते. बस. ही जोडी मी सगळ्यांना पहिली देतो, कारण "बोट हलवू नकोस" हे यात हाताला पटतं. दुसरी जोडी ई मेजर आणि ए मायनर. आकार तोच, तिन्ही बोटं एकेक तार खाली सरकवायची.

मिनिटभर घड्याळ लावा आणि किती वेळा बदलता ते मोजा. वहीत लिहा. पहिल्या दिवशी आठ-दहा होतील. तीसपर्यंत गेलात की गाण्यात अडकत नाही, असा माझा अनुभव आहे. बोटं तारेपासून फार उंच उचलू नका. भाकरी थापताना हात पिठापासून हातभर वर जात नाही, तसंच.

करंगळी ऐकत नाही, हीही तक्रार येते. तिच्यासाठी १-२-३-४ चा व्यायाम: एका तारेवर चार फ्रेट, चार बोटं, एकामागून एक, आधीची न उचलता. पण तो पहिल्या फ्रेटवर सुरू करू नका. तिथली घरं, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या जागा, रुंद असतात, पहिलं सुमारे ३६ मिलिमीटर, पाचवं सुमारे २९. पाचव्यापासून सुरू करा आणि महिन्याभरात एकेक घर खुंट्यांकडे सरका.

ते एफ

"सर, एफ काऊन वाजत नाई?" याच कॉर्डवर गिटार माळ्यावर जातात.

एफमध्ये तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी झोपते, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्याला, करंगळी चौथ्या तारेवर तिसऱ्याला. आता नीट बघा. पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीच्या बोटांनी आधीच दाबलेली आहे. म्हणजे तर्जनीला खरं काम फक्त तीन तारांचं: सहावी, दुसरी, पहिली. सहाही दाबायची म्हणून पोट्टे दात-ओठ खातात आणि सगळा जोर मधे जातो, जिथे त्याचा काही उपयोग नाही.

तर्जनीचं पोट मऊ असतं आणि सांध्यांच्या खळगीत तार लपते. म्हणून बोट थोडं अंगठ्याच्या कडेला वळवा, हाडाची बाजू तारेवर येईल. बोट पट्टीला चिकटलेलं हवं. कोपर अंगाजवळ घ्या आणि हाताचं वजन खाली-मागे ओढू द्या.

शिकायचा क्रम असा ठेवा. पहिल्या फ्रेटवर नट जवळ असल्यामुळे तार सगळ्यात कडक लागते, म्हणून हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरा (तिथे तो ए मेजर होतो). दोन आठवडे तिथे, मग चौथ्या, तिसऱ्या, असं खाली या. दरम्यान गाण्यात एफ आला तर छोटा एफ वाजवा: तर्जनीने फक्त पहिली आणि दुसरी तार पहिल्या फ्रेटला, मधलं तिसऱ्या तारेवर दुसऱ्याला, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्याला. चारच तारा वाजवायच्या. याला कमीपणा मानू नका. मी चारचौघांत वाजवताना आजही बरेचदा हाच धरतो.

उजवा हात

याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि ऐकणाऱ्याला तोच ऐकू येतो.

पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, कुलपाची चावी धरतो तसं धरायचं: तर्जनी वाकलेली, तिच्या कडेवर पिक, वर अंगठा. टोक चार-पाच मिलिमीटर बाहेर, जास्त नाही. जाडी ०.६ ते ०.७ मिलिमीटर बरी. हरवलं आणि तालुक्याला जाणं होत नसेल, तर मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापून कडा घासून घ्या. ते ०.७६ मिलिमीटर असतं, थोडं ताठ, पण चालतं. घामाने निसटत असेल तर पिकवर सुईने जाळीसारखे ओरखडे काढा.

स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणं, कोपरातून अख्खा हात हलवून करायचं नसतं. हात धुतल्यावर पाणी झटकतो तसं, मनगट सैल, त्याच्यामागे थोडा कोपराखालचा हात. सुरुवातीला सगळ्या तारा मुक्या करून (डावा हात नुसता टेकवून) फक्त ताल वाजवा. ज्याने भजनात केहरवा ऐकलाय त्याला हे नवीन नाही. आठ मात्रा: खाली-वर, खाली-वर, खाली-वर, खाली-वर. आता गंमत अशी की काही मात्रांना तारेला लागायचं नाही, पण हात थांबवायचाही नाही. तो हवेतून जातच राहतो. हात थांबला की ताल गेला. टाळ वाजवणारी माणसं हे एका संध्याकाळीत शिकतात, मोबाइलवर शिकलेली पोरं महिना घेतात.

बोटांनी वाजवायचं असेल तर अंगठ्याकडे सहावी, पाचवी, चौथी तार; तर्जनीकडे तिसरी, मधल्याकडे दुसरी, अनामिकेकडे पहिली. बोट तारेखालून वर उचकटू नका, तळहाताच्या दिशेने आत घ्या. उजव्या हाताची नखं थोडी ठेवलीत तर चालतील.

पेटीबरोबर वाजवायचंय

तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवर भजन गाऊन आपला सगळा मुलूख पालथा घातला, आणि आजही गावात भजनाला बसणारी माणसं सापडतात. तिथे गिटार नेली तर लोक खूश असतात, पण पेटी त्यांची असते, सूर त्यांचा असतो. मोबाइलच्या ट्यूनरवर लावलेली गिटार जुन्या पेटीशी जुळेलच असं नाही. म्हणून सरळ पेटीवरून लावा (पांढरी एक म्हणजे सी). सहावी तार पांढरी तीन, पाचवी पांढरी सहा, चौथी पांढरी दोन, तिसरी पांढरी पाच, दुसरी पांढरी सात, पहिली पुन्हा पांढरी तीन. सगळ्या पांढऱ्या, लक्षात ठेवायला सोपं. सप्तक चुकलं तर मात्र तार तुटते, म्हणून चढवताना हळू, आणि तोंड बाजूला.

गाणारे बुवा म्हणतात, काळी एक. म्हणजे तुमच्यासाठी बार कॉर्डची, एफसारखी तर्जनी आडवी टाकायच्या कॉर्डची, माळ. तेव्हा कॅपो लावा, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर एकदम दाबून धरणारा चिमटा. कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि सी चे आकार: काळी एक. डी चे आकार: काळी दोन. जी चे: काळी चार. ए चे: काळी पाच. काळी तीन असेल तर कॅपो दुसऱ्या फ्रेटवर आणि ई चे आकार. कॅपोही पट्टीच्या अगदी अलीकडे लावायचा, बोटासारखाच. काही लोक कॅपोला फसवणूक म्हणतात. पेटीवाले बुवा स्वतः सरकत्या पट्ट्यांची पेटी वाजवत असतील तर त्यांच्यासमोर हे म्हणू नका.

जाड बोटं, डावखुरे हात

जाड बोटांनी गिटार येते. बोट उभं ठेवलं आणि नख कापलं की तारेला लागतो तो भाग लहानच असतो. आखूड बोटांचंही तसंच, फक्त अंगठा थोडा खाली घ्या म्हणजे बोटं लांब पोचतात.

डावखुऱ्यांना माझा सल्ला: कधीच वाजवली नसेल तर सरळ उजवी गिटार घ्या. अवघड काम दोन्ही हातांना आहे, आणि तालुक्याच्या दुकानात डावी गिटार मिळत नाही. उजवी नुसती उलटी धरून चालत नाही, तारांचा क्रम आणि नटही बदलावा लागतो. पण महिनाभराने ताल हाताला परकाच वाटत असेल तर हट्ट सोडा, डावी मागवा.

बोट तुटलेलं असेल तर

आमच्याकडे हा प्रश्न कल्पनेतला नाही. मागच्या वर्षी पन्नाशीचे एक भाऊ आले. गिटार मुलाची होती, मुलगा पुण्याला कामाला गेलेला. भाऊंचा डावा हात कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेला होता, अनामिकेचं वरचं पेर नाही. दारात उभ्यानेच विचारलं, "जमन का जी?"

मी त्यांना दोन नावाजलेल्या गिटारवाल्यांचं सांगितलं. जँगो राइनहार्ट, १९२८ मध्ये पॅरिसजवळ त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका-करंगळी जवळपास निकामी झाली. पुढे जगाने ऐकलेलं त्याचं एकलवादन मुख्यतः दोन बोटांचं आहे. दुसरा बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी. १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणून तार दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं आणि बारीक तारा चढवल्या.

भाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण मले कोणतं बोट लावाचं ते सांगा."

मग आम्ही बसून बोटं बदलली. सी मेजरमध्ये अनामिकेऐवजी करंगळी. डी मेजरमध्ये तर्जनी तिसऱ्या तारेवर, मधलं पहिल्या तारेवर, आणि दुसऱ्या तारेवर करंगळी. ए मायनरमध्ये चौथी आणि तिसरी तार मधल्या बोटाने थोडं आडवं टाकून एकत्र. १० नंबरच्या तारा लावल्या. करंगळीला दोन महिने लागले, कारण तिने तोवर आयुष्यात काहीच काम केलं नव्हतं. आता सी आणि ए मायनर स्वच्छ वाजतात. अडतं ते सी वरून जी ला जाताना, करंगळीला पाचव्या तारेवरून थेट पहिलीवर उडी घ्यावी लागते म्हणून. परवा आम्ही जी मधली पहिली तार मोकळीच सोडून बघितली. थोडा वेगळा वाजतो, पण भजनात चालून जाईल असं भाऊंचं म्हणणं आहे.